नुसती हौस

मागच्या महिन्यात एका शनिवारी सकाळी एकटाच गोल्फ खेळायला गेलो होतो. (हो माई, अजून खेळतो. आणि नाही, अजून जमत नाही.) आमच्या इथल्या नगरपालिकेच्या गोल्फ कोर्सवर एकटा माणूस गेला, की काउंटरवरचे आजोबा त्याला जिथे जागा असेल त्या ग्रुपमध्ये ढकलतात. एसटीत कंडक्टर तिसऱ्या सीटवर चौथा बसवतो तसं. त्या दिवशी मला ढकललं ते दोघांच्या जोडीला. एक शाळेत गणित शिकवणारा, दुसरा प्लंबर. प्लंबरच्या ट्रकच्या मागे पाइप आणि गोल्फची बॅग शेजारी शेजारी ठेवलेली.

पहिल्या टीवर प्लंबरने चेंडू मारला आणि माझ्या पोटात गोळा आला. आवाजच वेगळा होता. आपण मारतो तेव्हा धोपटल्यासारखा आवाज येतो, ह्याच्या फटक्याला नुसता एक कोरडा 'टक्' आला आणि चेंडू बराच वेळ खाली यायलाच तयार नाही. मास्तरांचंही तेच. नंतर कळलं की प्लंबरचा हँडिकॅप शून्य आणि मास्तरांचा दोन. माझा चोवीस.

गोल्फ न खेळणाऱ्यांसाठी सांगतो. कसलेल्या खेळाडूने अठरा होल पुरे करायला जितके फटके घ्यावेत अशी अपेक्षा असते, त्याला पार म्हणतात. बहुतेक ठिकाणी पार ७२ च्या आसपास असतं. हँडिकॅप शून्य म्हणजे हा माणूस चांगल्या दिवशी तेवढ्यातच खेळतो. चोवीस म्हणजे मला साधारण चोवीस फटके जास्त लागतात, आणि सामना लावला तर ते मला आधीच सूट म्हणून मिळतात. असं दुसऱ्या कुठल्या खेळात असेल तर मला माहीत नाही. बुद्धिबळात विश्वनाथन आनंद आपल्याला वजीर आणि दोन हत्ती आधीच देऊन बसला, तर जसं होईल तसं काहीसं.

सहाव्या होलपर्यंत माझे तीन चेंडू हरवले होते. दर वेळी ते दोघं आपला खेळ थांबवून माझ्याबरोबर गवतात चेंडू शोधायला यायचे. मला इतकी लाज वाटायला लागली की नवव्या होलनंतर 'घरी काम आहे' सांगून निघून जावं असं ठरवलं. पण एक गोष्ट लक्षात आली. अठराच्या अठरा होल त्यांनी मला एकही सल्ला दिला नाही. माझ्याएवढाच वाईट खेळणारा माणूस पहिल्या दहा मिनिटांत 'डोकं खाली ठेव' सांगतो. हे दोघं नुसते चेंडू शोधत होते. मी थांबलो.

खेळ संपल्यावर मी प्लंबरला न राहवून विचारलं, की तू व्यावसायिक का झाला नाहीस? तो हसला. म्हणाला, हे रोज सगळेच विचारतात. आणि मग म्हणाला की मी अमॅच्युअरच बरा.

अमॅच्युअर. मराठीत हौशी. हा शब्द तेव्हापासून डोक्यात बसला आहे, आणि त्याचं कारण फक्त गोल्फ नाही. ते शेवटी सांगतो. आधी इतिहास, कारण घरी येऊन तोच वाचत बसलो होतो.

गोल्फमध्ये हौशी आणि व्यावसायिक हा भेद सुरुवातीला कौशल्याचा नव्हताच, जातीचा होता म्हटलं तरी चालेल. व्यावसायिक म्हणजे क्लबचा नोकर. तो काठ्या दुरुस्त करणार, सभासदांना शिकवणार आणि क्लबहाउसच्या मागच्या दाराशी उभा राहणार. हौशी म्हणजे सभ्य गृहस्थ, ज्याला खेळून पैसे मिळवायची गरज नाही. अमेरिकेत टोलीडो इथल्या इन्व्हर्नेस क्लबने १९२० च्या यूएस ओपनच्या वेळी व्यावसायिकांना क्लबहाउस खुलं केलं, तर त्या सगळ्यांनी मिळून क्लबला कृतज्ञता म्हणून एक मोठं उभं घड्याळ भेट दिलं. दारातून आत येऊ दिलं म्हणून घड्याळ! क्रिकेटमध्येही हेच होतं. इंग्लंडात 'जंटलमेन विरुद्ध प्लेयर्स' हा सामना १९६२ पर्यंत चालू होता.

आणि आपण इंग्रजांना हसायला नको. पुण्यात गोऱ्यांच्या क्लबात खेळपट्टी राखणारे पळवणकर बाळू नेटमध्ये कॅप्टन ग्रेगला तासन् तास गोलंदाजी करायचे. बाळू जातीने चांभार. पुढे हिंदू संघात घेतले गेले, तरी चहाच्या वेळी त्यांना बाहेर, वेगळ्या मातीच्या कपात चहा मिळायचा. याच बाळूंनी १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात शंभराहून जास्त बळी घेतले. ज्यांनी खेळाची सेवा करायची त्यांनाच खेळ सगळ्यात चांगला येतो, हे तिथेही खरं आणि इथेही.

बाळूंच्या त्या दौऱ्यानंतर दोनच वर्षांनी, सप्टेंबर १९१३ मध्ये, बॉस्टनजवळ ब्रुकलाइनला एक गोष्ट घडली. तिथे 'द कंट्री क्लब' नावाचा श्रीमंतांचा क्लब आहे. त्याच्या सतराव्या होलच्या समोर, रस्त्यापलीकडे, विमेट नावाचं कुटुंब राहायचं. वडील फ्रेंच कॅनडातून आलेले, माळीकाम करणारे. त्यांचा मुलगा फ्रान्सिस लहानपणी क्लबात कॅडी होता, म्हणजे सभासदांच्या काठ्यांची पिशवी वाहायचा. सापडलेले चेंडू जमवून आणि घरामागच्या कुरणात तीन होल खणून तो नि त्याचा भाऊ खेळायला शिकले. वीस वर्षांचा झाला तेव्हा खेळाच्या सामानाच्या दुकानात नोकरीला होता, आणि मॅसॅच्युसेट्स राज्याचा हौशी विजेता होता.

त्या वर्षीची यूएस ओपन या क्लबात होती, आणि दोन इंग्रज दिग्गज तिथे खेळायला आले होते. हॅरी वॉर्डन, ज्याने तोवर पाच वेळा ब्रिटिश ओपन जिंकली होती, आणि टेड रे, आदल्याच वर्षीचा, १९१२ चा ब्रिटिश ओपन विजेता. बाकी सगळे त्यांच्या मागे कोण येतं एवढंच बघायला जमलेले. विमेटला दुकानातून रजा मिळाली आणि तो खेळला. त्याची पिशवी उचलायला होता एडी लाउरी नावाचा दहा वर्षांचा पोरगा, शाळा बुडवून आलेला. त्या दोघांचा फोटो फार प्रसिद्ध आहे. पिशवी जवळजवळ पोराएवढीच आहे.

चार फेऱ्यांनंतर वॉर्डन आणि रे दोघांचे ३०४ फटके झाले. विमेट अजून मैदानात होता, आणि बरोबरी साधायला त्याला शेवटच्या सहा होलमध्ये पारपेक्षा दोन फटके वाचवायचे होते. एक त्याने तेराव्या होलला वाचवला. दुसरा सतराव्या होलला, स्वतःच्या घरासमोर. त्याचेही ३०४ झाले.

दुसऱ्या दिवशी, २० सप्टेंबरला, पावसात तिघांची अठरा होलची निर्णायक फेरी झाली. आता हे डोळ्यांसमोर आणा. जगातले दोन सर्वोत्तम व्यावसायिक, आणि त्यांच्याबरोबर दुकानातला एक वीस वर्षांचा नोकर. अशा दिवशी मोठ्या माणसाने पिशवी उचलावी असं काही लोकांचं म्हणणं होतं. एडीने पिशवी सोडली नाही, आणि विमेटनेही एडीला सोडलं नाही. नऊ होलनंतर तिघांचे सारखेच, ३८. दहाव्याला विमेट पुढे गेला. सतराव्याला वॉर्डन एका फटक्याने मागे होता, म्हणून त्याने धोका पत्करून कोपरा कापायचा प्रयत्न केला आणि चेंडू बंकरच्या वाळूत गेला. विमेटने तिथे पुन्हा बर्डी केली, घरासमोरच. शेवटी विमेट ७२, वॉर्डन ७७, रे ७८.

अमेरिकेची राष्ट्रीय स्पर्धा हौशी खेळाडूने जिंकण्याची ही पहिली वेळ. कॅडी पुढच्या दाराने आत गेला, अशी ही गोष्ट सांगतात, आणि इथेच थांबतात. मला मात्र पुढचं जास्त महत्त्वाचं वाटतं. विमेटने १९१४ मध्ये यूएस अमॅच्युअर जिंकली, मग मित्राबरोबर खेळाच्या सामानाचं दुकान काढलं. १९१६ मध्ये गोल्फ संघटनेने निर्णय दिला की गोल्फचं सामान विकतोस म्हणजे तू हौशी नाहीस. ज्याने त्यांच्या खेळाला वर्तमानपत्राच्या पहिल्या पानावर आणलं, त्यालाच बाहेर काढलं. घरचा पैसा असता तर त्याला दुकान काढायची गरजच नव्हती. तो पहिल्या महायुद्धात सैन्यात गेल्यावर १९१८ मध्ये त्याला परत घेतलं. पुढे १९३१ मध्ये त्याने यूएस अमॅच्युअर पुन्हा जिंकली आणि १९५१ मध्ये सेंट अँड्र्यूजच्या रॉयल अँड एन्शंट क्लबचा पहिला अमेरिकन कॅप्टन झाला. आयुष्यभर हौशीच राहिला.

आता तो दहा वर्षांचा पोरगा. एडी लाउरी मोठा झाला, इकडे सॅन फ्रान्सिस्कोला आला आणि मोटारविक्रीच्या धंद्यात गबर झाला. त्याच्याकडे दोन सेल्समन होते. एक केन व्हेंचुरी, वय २४. दुसरा हार्वी वॉर्ड, वय ३०, १९५२ चा ब्रिटिश अमॅच्युअर आणि १९५५ चा यूएस अमॅच्युअर विजेता. मोटारी किती विकायचे देव जाणे, गोल्फ मात्र खूप खेळायचे. जानेवारी १९५६ मध्ये बिंग क्रॉस्बीच्या स्पर्धेच्या आठवड्यात लाउरीने जॉर्ज कोलमन नावाच्या धनिक मित्राकडे बढाई मारली, की माझी ही दोन हौशी पोरं जगातल्या कुठल्याही जोडीला हरवतील. कोलमनने जोडी आणली: बेन होगन आणि बायरन नेल्सन.

नेल्सन म्हणजे १९४५ मध्ये सलग ११ स्पर्धा जिंकणारा. होगन म्हणजे १९४९ मध्ये बसच्या धडकेत मोडून पडल्यावर, पुढच्याच वर्षी यूएस ओपन जिंकणारा. दोघं टेक्सासात फोर्ट वर्थच्या एकाच क्लबात कॅडी म्हणून वाढलेले, दोघं तेव्हा ४३ वर्षांचे. गंमत म्हणजे नेल्सन हा व्हेंचुरीचा गुरू. म्हणजे गुरू एका बाजूला, शिष्य दुसऱ्या बाजूला.

सामना सायप्रस पॉइंटला झाला. सेव्हंटीन माइल ड्राइव्हवरून जाताना समुद्राच्या कडेची ती जागा दिसते. (आई-बाबा आले होते तेव्हा आपण जिथे सील बघायला थांबलो होतो ना, त्याच्या जवळच.) जोडीतल्या ज्याचे फटके कमी, ते त्या होलला जोडीचे धरायचे. चौघं असे खेळले की आजही लोक तो सामना घोळवून घोळवून सांगतात. होगन एकटा ६३, व्हेंचुरी ६५, नेल्सन आणि वॉर्ड प्रत्येकी ६७. जोडीचा हिशेब केला तर होगन-नेल्सन ५७ आणि दोन सेल्समन ५८, पार ७२ असताना! दहाव्या होलला होगनने लांबून मारलेला चेंडू थेट खड्ड्यात गेला, ती एका होलची आघाडी शेवटपर्यंत टिकली. अठराव्याला व्हेंचुरीने बर्डी केली, आणि दोन हौश्यांशी बरोबरी होऊ द्यायची नाही अशा जिद्दीने होगनने आपलीही बर्डी घातली. व्यावसायिक एका होलने जिंकले.

मी मनातल्या मनात तो सामना बरेचदा बघितला आहे. आणि दर वेळी मला होगनपेक्षा कडेने चालणारा लाउरी दिसतो. पावसातल्या १९१३ च्या त्या सकाळनंतर ४३ वर्षं झालेली, आणि हा माणूस अजून तेच बघायला धडपडतोय: हौशी पोरांनी जगातल्या दोन सर्वोत्तम व्यावसायिकांना हरवलेलं.

पुढचं ऐका. त्याच वर्षी एप्रिलमध्ये व्हेंचुरी, अजून हौशी असताना, मास्टर्स स्पर्धेत शेवटच्या दिवशी चार फटक्यांनी पुढे होता. त्या दिवशी त्याचे ८० झाले आणि तो एका फटक्याने हरला. वर्षअखेरीला तो व्यावसायिक झाला, आणि १९६४ मध्ये भयंकर उन्हात, कोसळायच्या बेतात असताना यूएस ओपन जिंकला. वॉर्ड हौशीच राहिला. १९५६ ची यूएस अमॅच्युअर त्याने पुन्हा जिंकली, सलग दुसरी. मग १९५७ मध्ये लाउरीच्या कराच्या चौकशीत बाहेर आलं, की वॉर्डचा स्पर्धांना जायचा प्रवासखर्च लाउरी करत होता. झालं. वॉर्डचा हौशी दर्जा काढून घेतला. सलग तिसऱ्यांदा जिंकायची संधीच गेली. १९५८ मध्ये दर्जा परत मिळाला, ते अजिंक्यपद मात्र त्याला पुन्हा कधी मिळालं नाही.

म्हणजे ज्या पोराने विमेटची पिशवी उचलली, आणि विमेटवर झालेला अन्याय ज्याने पाहिला, त्याच्याच मायेच्या पैशाने दुसऱ्या एका हौशी खेळाडूचा घात केला. नियम दोन्ही वेळा एकच होता: पैशाला हात लावायचा नाही. ज्याच्या खिशात आधीच पैसे आहेत त्याला हा नियम जाचत नाही. बॉबी जोन्स १९३० मध्ये एकाच वर्षी चारही मोठ्या स्पर्धा जिंकला आणि वयाच्या २८ व्या वर्षी निवृत्त झाला, त्याचं सगळे कौतुक करतात, मीही करतो. पण तो वकील होता, घरचं बरं होतं. माळ्याच्या मुलाला 'निर्मळ हौस' परवडायची कशी?

तरी नियम नुसताच दुष्ट होता असंही म्हणवत नाही. पैसा आला की खेळातलं काहीतरी बदलतं, ही भीती खोटी नव्हती. आपल्याकडे १९६५ ची इंडियन ओपन बिल्लू सेठी या हौशी भारतीयाने जिंकली, व्यावसायिकांना मागे टाकून. स्पर्धेचा तो पहिला भारतीय विजेता. असं ऐकलं की अंगावर मूठभर मांस चढतं ते याचसाठी, की हा माणूस पैशासाठी खेळला नव्हता.

१ जानेवारी २०२२ पासून गोल्फचे हौशीपणाचे नियम बदलले. आता हौशी खेळाडू जाहिरातीचे पैसे घेऊ शकतो, खर्चाला प्रायोजक घेऊ शकतो. मोठी रोख बक्षिसं तेवढी घ्यायची नाहीत. म्हणजे विमेटचा १९१६ चा गुन्हा आणि वॉर्डचा १९५७ चा गुन्हा, दोन्ही आज गुन्हे नाहीत. त्याच वर्षी जूनमध्ये यूएस ओपन पुन्हा ब्रुकलाइनला झाली, विमेटच्या घरासमोर. आणि जानेवारी २०२४ मध्ये निक डनलॅप नावाचा कॉलेजचा मुलगा व्यावसायिकांची पीजीए टूरची स्पर्धा जिंकला. वय वीस, विमेटएवढंच. पहिल्या क्रमांकाचे सुमारे १५ लाख डॉलर दुसऱ्या आलेल्याला मिळाले. काही दिवसांतच डनलॅप व्यावसायिक झाला. मी त्याला नावं ठेवणार नाही. पंधरा लाख डॉलर एकदा सोडले, पुष्कळ झालं.

आता माझं कारण.

आमच्या घरातले सगळे जण नानाकाकांना ओळखतात. प्रांत ऑफिसात कारकून, आणि संध्याकाळी नाटकाच्या तालमी. राज्य नाट्य स्पर्धेत त्यांना अभिनयाचं रौप्यपदक मिळालं होतं, हे आपल्यापैकी किती जणांना आठवतं? मुंबईच्या एका व्यावसायिक नाटक कंपनीतून त्यांना बोलावणं आलं होतं. ते गेले नाहीत. तीन बहिणींची लग्नं व्हायची होती. पुढे वीस वर्षं ते हौशी नाटकं करत राहिले, आणि घरात एकच वाक्य ठरलेलं: "नानाला नुसती हौस." मीही ते वाक्य म्हटलेलं आहे. कॉलेजात असताना, त्यांच्यासमोर, मोठ्या शहाणपणाने. म्हटलं, काका, हौशी लोकांचं नाटक आणि खरं नाटक यात फरक असतोच ना. ते म्हणाले, "असतो की रे." आणि चहा प्यायला लागले.

अमॅच्युअर हा शब्द लॅटिनमधल्या प्रेम करणाऱ्यावरून आला आहे. आपला हौस अरबी-फारसीतून आला, मूळ अर्थ तीव्र इच्छा. दोन्ही भाषांनी पुढे त्याचा अर्थ 'कच्चा' असा करून टाकला. त्या शनिवारी, तो प्लंबर माझा चौथा हरवलेला चेंडू शोधत गुडघाभर गवतात उभा होता, तेव्हा मला एकदम नानाकाका आठवले. तेही असेच, नवख्या पोराचं वाक्य चुकलं की सल्ला न देता नुसतं पुन्हा आपलं वाक्य म्हणायचे, त्याला दुसरी संधी मिळावी म्हणून. इतकं चांगलं येत असून शेजारच्या ढ माणसाला कमीपणा वाटू न देणं, हे मी त्या काळी पाहिलं होतं, पण ओळखलं नव्हतं.

नानाकाकांना जाऊन आता अकरा वर्षं झाली. त्यांना हे सांगायचं राहिलं.

ते पदक कुणाकडे आहे? सुमनआत्याकडे असेल तर आत्या, कृपा करून जपून ठेव. मी डिसेंबरात येतोय, मला ते एकदा हातात घ्यायचं आहे.

आणि हो, त्या दिवशी माझे १०३ झाले. प्लंबरचे ७१. हिशेबाला बसलो तेव्हा सूट धरूनही मी हरलोच होतो. जाताना तो म्हणाला, पुढच्या शनिवारी सात वाजता आम्ही असतो. मी आता दर शनिवारी जातो.